अस्थिरपाद विकार, गर्भावस्थेतील

विश्रांती घेत असताना पायांत, विशेषतः पोटऱ्यांत खोलवर, वळवळ, ओढ किंवा किडे सरपटल्यासारखी संवेदना होऊन पाय हालविण्याची अनावर इच्छा ज्या विकारात होते, त्यास अस्थिरपाद विकार म्हणतात. गर्भावस्थेत तो पुष्कळदा आढळतो. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र केल्या असता पाचांपैकी सुमारे एका गर्भिणीस त्याचा उपद्रव होतो असे दिसते. शेवटच्या तीन महिन्यांत तो सर्वाधिक असतो.

विकाराचे वर्णन इंग्रज वैद्य टॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये केले होते. स्वीडिश तंत्रिकातज्ज्ञ कार्ल आक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. गर्भावस्था व लोहन्यूनता यांच्याशी असलेला त्याचा संबंधही त्यांनी दाखवून दिला.

निदान रुग्णाच्या सांगण्यावरूनच होते. बसल्यावा पडल्यावर त्रास सुरू होणे, चालल्याने तो तेवढ्यापुरता थांबणे आणि सायंकाळी व रात्री वाढणे ही त्याची खूण होय. ‘पाय चावतात’ ही गर्भिणीची तक्रार घरात सहसा थकव्यावर ढकलली जाते. परंतु थकलेल्या पायांना विश्रांतीने बरे वाटते, येथे विश्रांतीच सोसवत नाही. पोटरीत गोळा आल्यास स्नायू कठीण होऊन तीव्र वेदना होते, तशी ती येथे नसते. एकाच पायास सूज व वेदना असल्यास मात्र खोल नीलेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घेऊन तत्काळ वैद्यकीय तपासणी करणे आवश्यक असते.

कारण पूर्णपणे उलगडलेले नाही. आनुवंशिकता व हॉर्मोनांतील बदल यांचा त्यात भाग असावा. लोहाचा संबंध अधिक स्पष्ट आहे. मेंदूत डोपामीन तयार करणाऱ्या एंझाइमास लोह लागते, आणि संपूर्ण गर्भावस्थेची लोहाची गरज सुमारे १,००० मिग्रॅ. असते. हीमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातील लोहाचा साठा रिता असू शकतो. म्हणून रक्तातील फेरिटीन मोजणे इष्ट ठरते. भारतात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५२·२ टक्के गर्भवतींना पांडुरोग आढळला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

फेरिटीन दर लिटरला ७५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असल्यास तोंडाने लोह देतात. त्याने गुण न आल्यास व साठा फारच खालावला असल्यास नीलेतून देतात, परंतु पहिल्या तीन महिन्यांत नाही. भारतात चौथ्या महिन्यापासून रोज ६० मिग्रॅ. लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अम्ल असलेली गोळी देण्याची योजना आहे. ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमाच्या गोळीबरोबर घेतल्यास लोहाचे शोषण घटते. मळमळ होते म्हणून गोळ्या परस्पर बंद करणाऱ्या स्त्रिया पुष्कळ असतात; वेळ वा प्रकार बदलून पाहणे अधिक हितावह.

सौम्य व्यायाम, पाय चेपणे, तसेच चहा-कॉफी कमी करणे यांनी काहींना आराम पडतो. वांतीवरील मेटोक्लोप्रमाइड व झोपेसाठी घेतली जाणारी गुंगी आणणारी काही हिस्टामीनरोधके विकार वाढवितात. म्हणून चालू औषधांची माहिती वैद्यास देणे अगत्याचे असते. डोपामीनसदृश औषधे गर्भावस्थेत शक्यतो टाळतात, आणि प्रसूतीनंतर त्यांनी दूध कमी होते.

प्रसूतीनंतर बहुतेकींचा त्रास काही दिवसांत वा आठवड्यांत नाहीसा होतो. पुढील गर्भावस्थेत तो पुन्हा उद्‌भवू शकतो, तसेच अशा स्त्रियांत उत्तरायुष्यात हा विकार कायमचा जडण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो.