दातांत वय, शिंगावर वेतं

खरसुंडीच्या बाजारात खिलार गाय बघायला आलेला जाणकार आधी तिचा खालचा ओठ ओढून दात पाहतो. गाईच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे टणक हिरडी असते. खाली मात्र आठ दात. दुधाच्या दातांची मधली जोडी पडून पक्की जोडी साधारण दोन-अडीच वर्षांत येते आणि ‘आदत’ कालवड ‘दोन दाती’ होते. पुढे चार दाती, सहा दाती आणि चार-पाच वर्षांत आठही दात पक्के झाले की जनावर ‘जुळलं’. त्यानंतर दातांत दिसते ती केवळ झीज.

मग शिंगाकडे वळायचं. शिंग बुडाशी वाढतं. गर्भाचं बहुतेक वजन शेवटच्या तीन महिन्यांत भरतं आणि व्यायल्यावर लगेच दूध सुरू होतं. या काळात खाल्लेलं अन्न वासराकडे आणि कासेकडे वळतं, शिंगाची वाढ मंदावते आणि तिथे खाच पडते. गाय सावरली की पुन्हा उंचवटा येतो. एका वेताचं असं एक कडं. कड्यांच्या संख्येत दोन मिळवले की ढोबळ वय निघतं; उशिरा वयात येणाऱ्या देशी गाईला एखादं वर्ष जास्त धरावं. दुष्काळही खाच पाडतो आणि शिंगं साळली की कडी पुसली जातात, म्हणून दात आणि शिंग दोन्ही पाहावं लागतं.

ही कडी म्हणजे प्रत्येक वेताला गाईने अंगावर सोसलेला खर्च. तो हलका करणं आपल्या हातात आहे. गाय दर २१ दिवसांनी माजावर येते आणि सुमारे २८० दिवस गाभण राहते. वर्षाला एक वासरू हवं, तर व्यायल्यापासून ८५ दिवसांत ती पुन्हा गाभण राहायला हवी. म्हणजे एकीकडे धार आणि दुसरीकडे पोटात वाढणारा गर्भ. म्हणूनच विण्याआधी दोन महिने दूध आटवून तिला चांगला खुराक द्यायलाच हवा.

वासराचं देणं तर आणखी तातडीचं. गाईच्या वारेतून रोगाशी लढणारी प्रतिपिंडं गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. ती मिळतात फक्त चिकातून आणि वासराच्या आतड्यातून ती रक्तात शिरण्याची वाट २४ तासांत बंद होते. वार पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही, ही समजूत अजूनही अनेक गोठ्यांत आहे. त्या थांबण्यात मोलाचे तास जातात. वासरू जन्मल्यावर तासाभरात चीक पाजावा आणि पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक विभागून त्याच्या पोटात जायला हवा: २० किलोच्या वासराला दोन लिटर. खरवस करायचा तो त्यानंतर उरलेल्या चिकाचा.