पंचेचाळीस अंशांत चालेल असा गेमिंग पीसी

पहिला गेमिंग पीसी घेणाऱ्या मुलाच्या यादीत एसएमपीएस सगळ्यात शेवटी असतो. प्रोसेसर ठरतो, ग्राफिक्स कार्ड ठरतं, दिवेवाले पंखे ठरतात आणि उरलेल्या आठशे-हजारात जो बसेल तो एसएमपीएस येतो. मी अकोल्याच्या एका तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकी शिकवते. अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूरकडची मुलं अशा याद्या घेऊन येतात, तेव्हा मी त्या खालून वर वाचते.

यूट्यूबवरचे पीसी बांधणीचे बहुतेक व्हिडिओ एसी खोलीत बनतात. आपल्याकडे मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, अमरावतीचाही फार मागे नसतो आणि मुलाची खोली बहुधा गच्चीखालची असते. कूलर चालू असूनही दुपारी तिथे ३५-३८ अंश असतात. कॅबिनेटमधले पंखे खोलीतलीच हवा आत ओढतात. म्हणजे २५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७० अंशांवर राहतो, तोच इथे ८३ पर्यंत जाणार. कार्डाचंही तेच. ठरावीक मर्यादेला पोहोचली की चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते आणि गेम अडखळू लागतो. कार्ड खराब निघालं असं मुलाला वाटतं. कार्ड चांगलंच असतं, त्याला हवा मिळत नसते.

माझ्या ताईचा मुलगा अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे. २०२४ च्या दिवाळीत त्याच्याजवळ ५० हजार रुपये जमले होते. मोबाइलवर बीजीएमआय खेळून वाढलेली ही पिढी, त्याला आता जीटीए फाइव्ह आणि काउंटर-स्ट्राइक नीट खेळायचं होतं. मॉनिटर घरात होता. यादीत आरटीएक्स ३०६० कार्ड, पुढून काच असलेलं कॅबिनेट आणि नाव न ऐकलेल्या कंपनीचा, ५०० वॅट लिहिलेला एसएमपीएस.

‘‘मावशी, एसएमपीएसवर साडेचार हजार काहून घालू? त्यानं गेम थोडीच पळते?’’

प्रश्न रास्त होता. भिंतीतल्या २३० व्होल्टचं १२ व्होल्ट डीसी करून बोर्डाला आणि कार्डाला पुरवणं हे एसएमपीएसचं काम. स्वस्त डब्यावरचे ५०० वॅट बऱ्याचदा कागदावरचे असतात. जिथे खरे असतात तिथेही ते २५-३० अंशांना मोजलेले असतात. चांगल्या कंपन्या ४० किंवा ५० अंशांना मोजलेली क्षमता छापतात. आपल्याला तोच आकडा लागतो. दुसरं म्हणजे, चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे संध्याकाळी व्होल्टेज खाली आलं तरी पीसी बंद पडत नाही. शिवाय आत बिघाड झालाच तर तो स्वतः बंद होतो. स्वस्त डबा जाताना बोर्ड आणि कार्ड सोबत घेऊन जाऊ शकतो. ‘एटी प्लस ब्रॉन्झ’ हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, सुरक्षेची हमी देत नाही. म्हणून शिक्क्यासोबत वॉरंटी पाहावी. पाच वर्षांची असेल तर उत्तम.

मग आम्ही कार्ड बदललं. आरटीएक्स ३०६० ची कमाल वीज १७० वॅट, आरएक्स ६६०० ची १३२. १०८० पी मॉनिटरवर दोन्हींच्या खेळात फार अंतर नाही. पण ३८ वॅट कमी म्हणजे तेवढी उष्णता खोलीत कमी, आणि किमतीतही चार-पाच हजारांचा फरक. तेच पैसे एसएमपीएसला गेले. शेवटी यादी अशी झाली: आय३-१२१००एफ प्रोसेसर सुमारे आठ हजार, एच६१० बोर्ड साडेसहा, १६ जीबी रॅम साडेतीन, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी तीन, कार्ड एकवीस, ५५० वॅटचा एसएमपीएस साडेचार आणि पुढून जाळी असलेलं कॅबिनेट साडेतीन हजार. काचेचं कॅबिनेट गेलं याचं त्याला वाईट वाटलं. मला नाही वाटलं.

रॅम ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. एकाच पट्टीपेक्षा दोन पट्ट्यांतून माहिती दुप्पट रुंद वाटेने जाते. बजेट तीस हजारांच्या आत असेल आणि कार्ड परवडत नसेल, तर रायझन ५ ५६००जीसारखा स्वतःचे ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा. त्याला वेगळी ग्राफिक्स मेमरी नसते, तो रॅमच वापरतो. त्यामुळे तिथे दोन पट्ट्यांशिवाय गत्यंतर नाही. व्हॅलोरंट त्यावर छान चालतो. कार्ड पुढच्या वर्षी बसवता येतं.

वरचे भाव मात्र आज धरून चालू नका. २०२५ च्या अखेरीपासून रॅम प्रचंड महागली आहे. एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळले आणि मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी जुनी डीडीआर४ रॅम घ्यायला मी मुलांना अडवत नाही. रॅम सहसा झिजत नाही. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून एकही चूक आली नाही तर खुशाल घ्यावी. जुन्या एसएमपीएसला मात्र हात लावू नये.

सगळ्यात स्वस्त रस्ता कंपन्यांतून निघालेल्या ऑफिस पीसीचा. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क अशी मजबूत यंत्रं रिफर्बिश्ड म्हणून मिळतात. त्यात ७५ वॅटचं जीटीएक्स १६५० बसवलं की कामचलाऊ गेमिंग पीसी तयार. अट एवढीच, की इंटेल प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला त्याआधीच्या पिढ्या अधिकृतपणे चालत नाहीत. बारीक कॅबिनेट असेल तर कार्डही कमी उंचीचंच लागतं, आणि डेलचा एसएमपीएस त्यांच्या स्वतःच्या मापाचा असतो, बाजारातला बसेलच असं नाही. ‘आय७, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स’ अशी दहा-बारा हजारांची जाहिरात दिसली तर पिढी विचारा. तो आय७ २०११-१२ चा असतो आणि कार्ड २०१४ चं जीटी ७३०. त्यावर आजचे गेम चालत नाहीत. मजुरीचे पैसे साठवून आलेल्या मुलाला कुणी हे ‘गेमिंग’ म्हणून विकतं, तेव्हा मला खरंच संताप येतो.

पीसी घरी आल्यावर आधी अर्थिंग तपासा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर पीसी बिघडलेला नाही, तुमच्या सॉकेटचं तिसरं छिद्र रिकामं आहे. एसएमपीएसच्या आतले फिल्टरचे कपॅसिटर अर्थला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर कॅबिनेट मेनच्या निम्म्या, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगतं. प्रवाह अगदी थोडा असतो, पण तसं वापरू नये. भाच्याच्या अमरावतीच्या जुन्या घरात तेच निघालं. वायरमनला बोलावून नवी अर्थिंग केली, मगच पीसी सुरू केला.

लाइन गेल्यावर घरचा इन्व्हर्टर पीसी चालवेल हेही गृहीत धरू नका. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाला एसएमपीएस कुरकुरतो, कधी बंदच पडतो. साइन वेव्ह हवा. यूपीएसवरचे ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. या पीसीला खेळताना अडीचशेच्या आसपास लागतात, तेव्हा गेम सेव्ह करून बंद करण्यापुरता तो पुरतो. भाऊजींनी बिलाचं विचारलं, त्याचा हिशेबही यातच आहे: चार तास खेळला तर एक युनिट.

आता कूलर. थंड हवा मिळावी म्हणून मुलं कॅबिनेट कूलरच्या तोंडाशी ठेवतात. हवेसोबत पाण्याचे तुषार येतात आणि आपल्या पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातलं पाणी खारं. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो तोच बोर्डावर बसतो आणि त्याला ओल मिळाली की गंज धरतो. कॅबिनेट कूलरच्या झोतापासून बाजूला, जमिनीपासून फूटभर वर ठेवावं. खिडकी उघडी हवी, नाहीतर कूलर नुसता दमटपणा वाढवतो. जिनिंगजवळ राहणाऱ्यांनी कापसाच्या हंगामात पुढची जाळी दर आठवड्याला काढून झटकावी. कापसाचे तंतू धुळीपेक्षा लवकर हवा अडवतात. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, कारण झोताने तो गरजेपेक्षा जोरात फिरतो आणि बेअरिंग जातं.

जोडणी घरी करता येते. एका दुपारीत होते. स्क्रीन काळी राहिली तर मॉनिटरची वायर बोर्डाला लावली आहे का ते पाहा. ‘एफ’वाल्या प्रोसेसरला स्वतःचे ग्राफिक्स नसतात, वायर कार्डालाच लावावी लागते.

खरेदी गावात करायची की ऑनलाइन, हे मी भावाच्या फरकावर सोडते. फरक पाचशे-हजाराचा असेल तर गावातून. कार्ड दोन वर्षांनी गेलं तर दुकानदार ते कंपनीकडे पाठवतो; ऑनलाइनचं तुम्हाला स्वतः पॅक करून कुरिअरने पाठवावं लागतं. फक्त पक्कं बिल घ्या, १८ टक्के जीएसटीसकट, आणि कार्ड, एसएमपीएस, एसएसडी यांचे सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या. खोकी तीन वर्षं माळ्यावर ठेवा. आमच्या पोराची खोकी ताईने दिवाळीच्या साफसफाईत काढायला घेतली होती, मी फोन करून थांबवलं.