न आलेल्या यंत्राची बखर

जिचे चित्र कोणी पाहिले नाही, जिच्या नावाचा उच्चार तिच्या कथित निर्मात्याने एकदाही केला नाही, आणि जी अखेरपर्यंत बाजारात आलीच नाही, अशा एका वस्तूविषयी देशोदेशींची माणसे सुमारे सव्वादोन वर्षे अत्यंत गांभीर्याने वाद घालीत होती, तिची किंमत ठरवीत होती, आणि कित्येकजण तर तिच्यासाठी म्हणून हातातली खरेदी तहकूब करून बसले होते. ही वस्तू म्हणजे जपानातील क्योतोच्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘स्विच’ या गेम कन्सोलची कल्पित वरचढ आवृत्ती, ‘स्विच प्रो’. ‘प्रो’ हे नावही कंपनीचे नव्हे. सोनीने २०१६ साली आपल्या प्लेस्टेशन ४ची अधिक ताकदीची आवृत्ती त्या नावाने काढली होती, त्यावरून लोकांनी या न जन्मलेल्या यंत्राचे बारसे परस्पर उरकून घेतले.

मराठीत अफवेला नावांची वाण नाही. आवई उठते, कंडी पिकते, वावडी उडते, भुमका पसरते; परंतु या सर्व शब्दांच्या पोटी मूळ गोष्ट खोटी असल्याचा निर्वाळा आधीच दडलेला असतो. स्विच प्रोच्या प्रकरणातील मौज अशी की, त्यातील बहुतेक तपशील खरे ठरले आणि तरीही लोकांना जे हवे होते ते मिळाले नाही.

प्रथम गेम कन्सोल या वस्तूचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. घरच्या संगणकात आपण आज मेमरी वाढवितो, उद्या ग्राफिक्स कार्ड बदलतो. कन्सोलमध्ये ती सोय नाही. त्याची चिप, त्याची मेमरी आणि त्याचा वेग ही विकल्या गेलेल्या कोट्यवधी नगांत जवळजवळ एकसारखी असतात, आणि खेळ रचणारा प्रोग्रामर त्या एकाच मापावर आपला अंगरखा बेततो. माप एक असल्यामुळेच जुन्या, दुबळ्या यंत्राकडूनही तो चार-सहा वर्षांत असे काम करवून घेतो की, पहिल्या दिवशी ते कोणाला शक्य वाटले नसते. मध्येच अधिक ताकदीची आवृत्ती काढली म्हणजे मापे दोन होतात. प्रत्येक खेळ दोनदा तपासावा लागतो, जुन्या ग्राहकाला आपण दुय्यम ठरल्याचे शल्य लागते, आणि केवळ नव्यावरच चालणारे खेळ काढावेत तर गिऱ्हाईक एकदम मूठभर उरते. निन्टेन्डोला हा अनुभव घरचाच होता. १९९८ साली तिचा गेम बॉय कलर आला तेव्हा जुन्या-नव्या दोन्ही यंत्रांवर चालणाऱ्या कॅसेटी काळ्या आणि केवळ नव्यावर चालणाऱ्या पारदर्शक, असा रंगभेद पाळावा लागला. पुढे २०१४ साली तिच्याच थ्री-डीएस या हातातल्या कन्सोलची ‘न्यू’ हे बिरुद लावलेली वेगवान आवृत्ती निघाली, पण दुकानात मिळणारे आणि फक्त तिच्यावरच चालणारे खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच झाले.

शिवाय ही कंपनी शक्तीच्या शर्यतीत मुळातच फारशी उतरत नाही. १८८९ साली फुलांच्या चित्रांचे ‘हानाफुदा’ पत्ते करण्यासाठी ती स्थापन झाली. (पत्ते छातीशी धरून बसण्याची विद्या तिच्या घराण्यातच असावी, असा संशय पुढील हकिगतीवरून येतो.) तिचा विख्यात अभियंता गुनपेई योकोई याची शिकवण अशी की, वठलेले, म्हणजे जुने, स्वस्त आणि गुणदोषांसह पुरते कळून चुकलेले तंत्र घ्यावे आणि त्याचा उपयोग मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसेल असा करावा. त्याच्या हाताखाली तयार झालेला १९८९चा गेम बॉय हिरवट, रंगहीन पडद्याचा होता. प्रतिस्पर्ध्यांचे रंगीत संच त्याच्या शेजारी राजबिंडे दिसत, परंतु त्यांच्या बॅटऱ्या काही तासांत संपत आणि गेम बॉय चार पेन्सिल सेलवर चालतच राही. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात टीव्हीला जोडून जे कॅसेटचे ‘व्हिडिओ गेम’ खेळले जात, त्यांतही याच कंपनीच्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला पुष्कळ होत्या. तेव्हा मिशाळ मारिओला ओळखणाऱ्या त्या पिढीला निन्टेन्डो हे नाव ठाऊक नसले, तरी तिचे कसब अपरिचित नव्हते.

स्विच बाजारात आला तो ३ मार्च २०१७ रोजी. हातात धरला तर सव्वासहा इंचांच्या आतबाहेरचा पडदा, घरी आल्यावर डॉकमध्ये ठेवला की तोच खेळ टीव्हीवर, ही त्याची युक्ती; आणि आत होती एन्व्हिडिया कंपनीची टेग्रा एक्स-वन ही चिप, जी त्याच्या दोन वर्षे आधी जाहीर झालेली होती. हातातील पडद्यावर ७२० ओळींचे चित्र, टीव्हीवर फार तर १०८० ओळींचे. त्याच दिवशी निघालेला ‘झेल्डा’ मालिकेतील खेळ तर टीव्हीवर ९०० ओळींचा, सेकंदाला ३० चित्रांचा, आणि त्यातील एका दाट अरण्यात शिरताच चित्रांची गती प्रत्यक्ष डोळ्यांना जाणवेल इतकी मंदावे. घरोघर फोरके (4K) टीव्ही येत असताना हे उणेपण रसिकांना डाचू लागले, आणि जेथे तीव्र इच्छा असते तेथे वार्तेला जमीन आयतीच मिळते.

२०१९च्या मार्चमध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने स्विचच्या दोन नव्या आवृत्त्या येत असल्याचे वृत्त दिले: एक स्वस्त, दुसरी वरचढ. स्वस्त आली. सप्टेंबरात निघालेला दोनशे डॉलरचा स्विच लाइट टीव्हीला जोडताच येत नसे. वरचढ काही आली नाही. पण त्या वर्षी मूळ स्विचमध्ये एक खरीखुरी सुधारणा मात्र मुकाट्याने झाली, जिच्याविषयी अटकळबाजांनी त्या मानाने फारच थोडे तोंड उघडले. जुनी २० नॅनोमीटरची चिप जाऊन तिचीच १६ नॅनोमीटरची आवृत्ती बसली, आणि अडीच ते साडेसहा तास टिकणारी बॅटरी साडेचार ते नऊ तास टिकू लागली. किंमत तीच, नाव तेच. फरक कळायचा तो खोक्यावरून, नव्याचे खोके चित्राच्या पार्श्वभूमीसह संपूर्ण लाल होते. माझ्या मते स्विचच्या आयुष्यातील ग्राहकाच्या सर्वाधिक हिताची दुरुस्ती हीच होय, आणि तिच्यासाठी कोणी एक रात्रही जागले नाही.

पुढे करोनाची साथ आली. माणसे घरात कोंडली गेली, २०२०च्या मार्चमध्ये निघालेल्या ‘ॲनिमल क्रॉसिंग’ या निवांत खेळाने त्यांना एक बेट बहाल केले, आणि मार्च २०२१ अखेरच्या आर्थिक वर्षात कंपनीने २ कोटी ८८ लाखांहून अधिक स्विच विकले. जी वस्तू तयार होताच उचलली जाते आणि जिच्यासाठी चिपांचा जगभर तुटवडा आहे, तिची महागडी बहीण जन्माला घालण्याची निकड मालकाला कशी वाटावी? पण रसिकांचे तर्कशास्त्र उलट दिशेने चालले होते: सोनी व मायक्रोसॉफ्ट यांनी नवे कन्सोल काढले, अर्थात निन्टेन्डोलाही काढावा लागेल. २०२१च्या फेब्रुवारीत निन्टेन्डोचे अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी खुलासा केला की, नजीकच्या काळात नव्या स्विचची घोषणा करण्याचा विचार नाही. मार्चमध्ये ‘ब्लूमबर्ग’ने वृत्त दिले की सॅमसंगकडून सात इंची ओलेड पडदे घेतले जाणार असून टीव्हीला जोडल्यावर फोरके चित्र मिळेल. जूनमधील ई-थ्री या मेळ्यात घोषणा होणार म्हणून सगळे कान टवकारून बसले, झाली नाही.

६ जुलै २०२१ रोजी घोषणा झाली. पडदा सात इंची, ओलेड. साठवण दुप्पट, ६४ गिगाबाइट. मागचा टेकू रुंद व भक्कम. डॉकला केबलने इंटरनेट जोडण्याची सोय. किंमत पन्नास डॉलर जास्त. आणि आत? तीच टेग्रा, तीच ४ गिगाबाइट मेमरी, टीव्हीवर त्याच १०८० ओळी.

या निकालाकडे पाहून बातमीदार खोटे ठरले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पडदा, त्याचा आकार, वर्ष, हे बरोबर होते; चुकले ते फोरकेचे. पडदे लाखांच्या संख्येने मागवावे लागतात, त्यांची चर्चा पुरवठादारांत होते, आणि अशा गोष्टी कारखान्याच्या भिंतीत राहत नाहीत. परंतु आत चिप कोणती घालावी आणि ती केव्हा बदलावी, हा निर्णय मूठभर माणसांच्या मसलतीतला. सुटे भाग बाहेर दिसतात, हेतू दिसत नाही. मोठा पडदा येतो आहे म्हणजे मोठी शक्तीही येते आहे, हे फोरकेच्या वृत्तामुळे रुजलेले अनुमान वाचकांनी आपल्या इच्छेच्या बळावर पक्के धरले.

कंपनीच्या इन्काराचेही असेच. तो सरकारी खुलाशासारखा अक्षरशः वाचायचा असतो. फेब्रुवारीतील ‘नजीकचा काळ’ पाच महिन्यांत संपला, यात असत्य कोठेच नव्हते. जुलैच्या घोषणेनंतर दोन आठवड्यांच्या आत तिने पुन्हा जाहीर केले की, ओलेड आवृत्तीखेरीज दुसरी कोणतीही काढण्याचा तूर्त विचार नाही. सारा अर्थ त्या ‘तूर्त’मध्ये साठलेला असतो. आणि कंपन्यांना असे तोलूनमापून बोलावे लागते याला कारण आहे. ॲडम ऑस्बोर्न या गृहस्थाने १९८१ साली अकरा किलोंचा ‘उचलता येणारा’ संगणक काढून नाव कमावले. पुढील, सरस संगणकाची वाच्यता त्याने वेळेआधी केली, म्हणून दुकानदारांनी चालू मालाची मागणी थांबविली आणि १९८३ साली कंपनीचे दिवाळे वाजले, अशी कथा सांगतात. तिच्या दिवाळ्याची इतर कारणेही पुढे आली आहेत, परंतु व्यापारी जगाने धडा घेतला तो कथेवरून. (हा ऑस्बोर्न लहानपणी तिरुवण्णामलईला वाढला आणि २००३ साली कोडाईकनालला वारला, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या गावी नसते.)

ओलेड आवृत्तीनंतरही प्रोची वाट पाहणारे होतेच. २०२३च्या मे महिन्यात ‘झेल्डा’चा पुढचा भाग निघाला, तो त्याच जुन्या चिपवर. ७ मे २०२४ रोजी मात्र फुरुकावा यांनी प्रथमच उघड सांगितले की, स्विचच्या वारसाविषयी चालू आर्थिक वर्षात घोषणा होईल. मुदत पाळली गेली, आणि १६ जानेवारी २०२५ रोजी ‘स्विच २’ जाहीर झाला. तोवर पहिल्या स्विचचे पंधरा कोटी नग खपले होते. ५ जून २०२५ला नवा कन्सोल दुकानांत आला: टीव्हीवर फोरके, मेमरी १२ गिगाबाइट, पडदा ७.९ इंची पण ओलेड नव्हे, एलसीडी. तेव्हाची किंमत साडेचारशे डॉलर. २०१७चा तो ‘झेल्डा’ त्याच्यावर सुधारित आवृत्तीत सेकंदाला ६० चित्रांनी चालतो, आणि तिच्यासाठी जुन्या मालकाला, कंपनीच्या वरच्या श्रेणीतील वर्गणीदार वगळता, वेगळे दहा डॉलर मोजावे लागतात.