सरकलेला बिंदू आणि आईचे जोडवे



गणिताच्या तासाला गुरुजींनी मैदानावर फक्कीने दोन रेघा आखल्या. आडवी रेघ म्हणजे क्ष-अक्ष, उभी रेघ म्हणजे य-अक्ष. दोन्ही जिथे छेदतात तो आरंभबिंदू, म्हणजे (०, ०). तिथून पूर्वेकडे ३ पावले आणि मग उत्तरेकडे २ पावले गेलो की बिंदू मिळतो (३, २). या दोन आकड्यांना बिंदूचे निर्देशक म्हणतात. पूर्वेचा आकडा आधी, उत्तरेचा नंतर. हा क्रम मोडायचा नाही. फ्रान्समधील रने देकार्त या गणितज्ञाने १६३७ साली छापलेल्या ग्रंथात भूमिती आणि बीजगणिताची सांगड घातली. त्यातूनच पुढे ही पद्धत रुळली.

आता बिंदू सरकवू या. पूर्वेला सरकला तर पहिल्या आकड्यात मिळवायचे, पश्चिमेला सरकला तर वजा करायचे. उत्तरेला सरकला तर दुसऱ्या आकड्यात मिळवायचे, दक्षिणेला सरकला तर वजा. (३, २) वरचा मुलगा ४ पावले पूर्वेला आणि १ पाऊल दक्षिणेला गेला, तर तो (७, १) वर पोहोचला. त्याला परत आणायचे असेल तर तेवढेच उलटे चालायचे.

मला वाटायचे, हे सारे परीक्षेपुरतेच. पण रोवणीच्या दिवसात आईच्या पायातले चांदीचे जोडवे बांधीत पडले. आजीने दिलेले होते ते. आई रडायलाच लागली. म्हणाली, "चहा पेतानी तं होतं पायात!"

मी वही काढली. मोहाच्या झाडाजवळचा बांधीचा कोपरा धरला आरंभबिंदू. आईला विचारून विचारून लिहिले. चहा उत्तरेच्या धुऱ्यावर घेतला, तो बिंदू (५, २०). तिथून रोवत रोवत ६ पावले मागे, म्हणजे दक्षिणेला, आली : (५, १४). मग ४ पावले पूर्वेला सरकली : (९, १४). पुन्हा ८ पावले मागे : (९, ६). तिथे जोडवे नाही हे लक्षात आले. म्हणजे सारी बांधी शोधायची गरजच नव्हती. या वाटेवरच शोधायचे!

आई म्हणाली, दुसऱ्यांदा मागे वळताना पाय चिखलात रुतला होता. ती जागा (९, १४). मी घाईघाईने १४ पावले पूर्वेला आणि ९ पावले उत्तरेला गेलो. बाबा ओरडले, "कायले पऱ्हे तुडवून राह्यला रे!" क्रम चुकला होता. (१४, ९) ही वेगळीच जागा! मग नीट मोजून ९ पूर्वेला, १४ उत्तरेला गेलो. हात चिखलात घालून चाचपडले. तिसऱ्यांदा बोटाला जोडवे लागले. आई हसली, तेव्हा मला पहिल्या नंबरापेक्षा जास्त आनंद झाला.

आपल्या रेल्वेगाडीचेही असेच आहे. नकाशावर रेखांश हा पूर्वेचा आकडा आणि अक्षांश हा उत्तरेचा. गोंदिया साधारण (८०.२, २१.५) वर आहे आणि आपले सालेकसा (८०.५, २१.३) वर. म्हणजे गोंदियाहून आमगाववरून येणारी गाडी ०.३ अंश पूर्वेला सरकते आणि ०.२ अंश दक्षिणेलाही. नुसते "गाडी पूर्वेला आली" म्हटले तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होते. नकाशाच्या पुस्तकात मात्र बहुधा अक्षांश आधी लिहितात, म्हणून आधी क्रम पाहावा.

मित्रांनो, वस्तू सरकली म्हणजे हरवली असे नाही. ती कशी कशी सरकली हे लिहून ठेवले तर मागे जाता येते.

आता तुमच्यासाठी कोडे : एक बिंदू (२, ५) वर आहे. तो ६ पावले पूर्वेला आणि ७ पावले दक्षिणेला गेला. आता तो कुठे आहे? (आरंभबिंदूच्या दक्षिणेला गेलो की दुसरा आकडा ऋण होतो, हे विसरू नका.) उत्तर चिठ्ठीवर लिहून गुरुजींच्या टेबलावर ठेवा. आई-बाबांनीही सोडवले तरी चालेल!

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी