साक्याचा फोटो

दिवाळीच्या दिवसांत हापूसच्या बागेत बघण्यासारखं काही नसतं. पावसाळ्यात कलमांच्या बुंध्याशी कल्टार घालून झालेलं असतं, गवतकापणी चालू असते आणि थंडी कधी पडते याकडे सगळ्यांचे डोळे असतात. गेल्या दिवाळीत देवगड तालुक्यातल्या एका ओळखीच्या बागायतदारांकडे गेले, तर ते ओटीवर बसून फोनमधले नंबर निवडत होते. तांदूळ निवडावेत तसे. कुणी पैसे बुडवले, कुणी घर बदललं, कुणी दोन वर्षांत एकदाही मागवलं नाही. पण त्यांची खरी चिंता वेगळीच होती : यांतल्या कितीजणांनी माझा नंबर फोनमध्ये ठेवलाय?

व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत 256 माणसं बसतात, पण ज्याने तुमचा नंबर जतन केलेला नाही, त्याच्यापर्यंत तो निरोप जातच नाही. तुम्हाला वाटतं, आपण अडीचशे घरांत दवंडी पिटली. ऐकलेली असते निम्म्यांनी. म्हणून त्यांच्या प्रत्येक पेटीत पेंढ्यावर एक चिठ्ठी असते, 'नंबर सेव्ह करून ठेवा'. मोठ्या कंपन्या ज्या गोष्टीवर कोट्यवधी रुपये घालवतात, ती ते एवढ्याशा कागदावर साधतात.

त्यांच्या वडिलांच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. दलालाकडून हंगामाआधी उचल घ्यायची, पेट्या वाशीला पाठवायच्या आणि पट्टी येईल ती वाचायची. हमाली, तोलाई, दलाली वजा जाता जे उरेल ते आपलं. आंबा कुणी खाल्ला हे बागेला कळत नसे, आणि खाणाऱ्याला बागही माहीत नसे. हे बदलायला लागलं ते स्वस्त इंटरनेट आणि यूपीआय ही दोन्ही 2016 साली आल्यावर. जानेवारी 2018मध्ये व्हॉट्सॲपने छोट्या व्यावसायिकांसाठी वेगळं ॲप काढलं. तरी पुष्कळांचं पाऊल उचललं जात नव्हतं. ते उचलायला लावलं 2020च्या टाळेबंदीने. ऐन हंगामात वाहतूक अडली, वाशीचा बाजार मे महिन्यात काही दिवस बंदच राहिला, आणि झाडावरचं फळ तर थांबत नाही. मग मुंबई-ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मागणी गोळा होऊ लागली आणि टेम्पो थेट फाटकाशी उभे राहू लागले. त्याच मे महिन्यात एसटीनेही मालवाहतूक सुरू केली.

त्याच वर्षी जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. त्यानंतर कोकणातल्या बागांवर ड्रोन घिरट्या घालू लागले. झेल्याने आंबा उतरवणारा गडी, मागे समुद्र, वर कुठलंतरी गाणं. एक पाहिलं की सगळी पाहिली. आमच्या बागायतदारांच्या पुतण्याने केलेलं असंच एक रील भरपूर फिरलं, आणि विचारणा कुठून आल्या? जिथे तीन दिवसांत पार्सल पोचत नाही, अशा गावांतून. पाहणारे उदंड, घेणारा एक नाही. उलट त्यांनी स्वतः, हात थरथरत, फोन आडवा-उभा करत घेतलेला एक व्हिडिओ दर एप्रिलला पुन्हा फिरायला लागतो. त्यात ते घरी आढी कशी लावायची तेवढंच सांगतात : पेंढा किती, फळं एकमेकांना चिकटू न देता कशी मांडायची, फ्रिजमध्ये का ठेवायची नाहीत, वास कधी घ्यायचा. माझ्या मते त्याच्यासारखी जाहिरात नाही, कारण ती पाहणाऱ्याच्या घरात पेटी आधीच आलेली असते. आंबा चांगला पिकला, तरच पुढच्या वर्षी फोन येणार.

काहीजण खाद्यपदार्थांवर व्हिडिओ करणाऱ्यांना फुकट पेटी पाठवतात. आता केंद्राच्या 2023च्या मार्गदर्शनानुसार अशी भेट घेतली तर तसं उघड सांगावं लागतं. सांगतात किती, ते आपणच पाहावं.

खरी अडचण नावाची आहे. ऑक्टोबर 2018मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. पण इन्स्टाग्रामच्या पानावर 'देवगड' लिहायला कुणाचा बाप लागत नाही. कर्नाटकातलं फळ देवगडच्या खोक्यात भरलं जातं ही जुनी गोष्ट. आता ते खोकंही नको, फोटो पुरतो. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने 2025च्या हंगामात फळावर लावायचं क्रमांकाचं स्टिकर आणलं. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, मग ते सोलून आत दडलेला उरलेला आकडा कळवायचा, की आंबा कुठला ते उत्तर येतं. ज्या फोनने नाव पळवलं, त्याच फोनवर आता नावाची झडती.

पण स्टिकर साक्याचं काय करणार? हापूस बाहेरून सोन्यासारखा दिसतो, कापला की कोयीभोवती पांढुरका, भुसभुशीत, आंबूस वासाचा गर. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीची धग, झाडावर जास्त पक्व झालेलं फळ, आतल्या बीची रुजण्याची घाई अशी कारणं संशोधक देतात, पण कापेपर्यंत ना बागायतदाराला कळतं ना गिऱ्हाइकाला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' केला, त्यात साका नाही. कुणी मागवतं का? नाव हापूस हवं!

पूर्वी साका निघाला तर शिव्या कोपऱ्यावरच्या फळवाल्याला पडत. आता रात्री दहाला सोसायटीच्या ग्रुपवर अर्धा कापलेला आंबा येतो आणि खाली पन्नास जण वाचत असतात. काही बागायतदार अशा वेळी ग्रुप सोडतात. हे सोडत नाहीत. त्याच ग्रुपवर उत्तर देतात, पुढच्या खेपेत तेवढी फळं जास्त घालतात आणि तो फोटो, विचारून, स्वतःच्या स्टेटसला लावतात; खाली काढणीची तारीख. पुतण्याला हे अजिबात पटत नाही. धंद्याची शोभा, म्हणतो.

त्या दिवशी ओटीवर यादी खाली सरकवताना एका नावाशी मी थांबले. 'साका ठाणे'. हे काय, असं विचारलं. दोन वर्षांपूर्वी यांनीच फोटो टाकून सगळ्यांदेखत झाडलं होतं, ते म्हणाले. यंदा त्यांच्या इमारतीत नऊ पेट्या गेल्या. नाव बदला की आता, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या नंबराकडे वळले.