'तुझे नाव काय?' : एका जपानी चित्रपटाच्या निमित्ताने

बौद्ध अध्ययनाच्या नियतकालिकात किशोरवयीनांच्या अद्भुत प्रेमकथेवर लेख कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. उत्तर सरळ आहे. सोलापुरातील आपल्या वस्त्यांमधील दहावी-बारावीची मुले-मुली जपानी ॲनिमे, म्हणजे चित्रे रेखाटून तयार केलेले चित्रपट, मोबाईलवर आवडीने पाहतात. त्यांपैकी अत्यंत गाजलेल्या एका चित्रपटात देह, मन आणि नाम यांविषयी असे काही प्रश्न आले आहेत, की जे पाली साहित्याच्या अभ्यासकास मुळीच परके नाहीत. हा चित्रपट म्हणजे माकोतो शिंकाई यांचा 'किमि नो ना वा'. मराठीत सांगावयाचे तर 'तुझे नाव'. तो जपानमध्ये २६ ऑगस्ट २०१६ रोजी प्रदर्शित झाला.

कथानक थोडक्यात असे. मित्सुहा ही डोंगराळ भागातील इतोमोरी या कल्पित गावातील शाळकरी मुलगी. तिचे घराणे शिंतो देवस्थान सांभाळणारे. आजी आपल्या दोन्ही नातींना रंगीत धाग्यांच्या दोऱ्या विणावयास शिकविते आणि काळदेखील असाच गुंततो, तुटतो व पुन्हा जुळतो, असे सांगते. ज्यांच्या घरात मागाचा खडखडाट ऐकू आला आहे, त्या सोलापूरकरांस ही आजी चटकन ओळखीची वाटेल. गावास कंटाळलेली मित्सुहा, पुढल्या जन्मी आपण तोक्योतील देखणा मुलगा व्हावे, अशी इच्छा ओरडून व्यक्त करते. त्यानंतर कधी कधी सकाळी तिला जाग येते ती ताकी नावाच्या तोक्योतील मुलाच्या देहात, आणि ताकीला जाग येते ती तिच्या देहात. एकमेकांसाठी ते मोबाईलमध्ये टिपणे लिहून ठेवतात. एके दिवशी ही अदलाबदल अकस्मात थांबते. ताकी तिचे गाव शोधीत जातो तेव्हा कळते, की जिचे आयुष्य आपण जगत होतो ती मुलगी तीन वर्षांपूर्वीच मरण पावली आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये धूमकेतूचा तुकडा कोसळून गाव नष्ट झाले आणि सुमारे पाचशे माणसे त्यात गेली. पुढे अद्भुताच्या साहाय्याने मागे जाऊन गावकऱ्यांना वाचविले जाते. मात्र ती दोघे एकमेकांची नावे विसरून जातात.

११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीने जपानी मनावर जो आघात केला, त्याची छाया या कथेवर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाचा धक्का ज्यांनी सोलापुरात अनुभवला, त्यांना हा भाग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. आणखी एक तपशील आम्हास लक्षणीय वाटला. दोनशे वर्षांपूर्वीच्या आगीत देवस्थानची कागदपत्रे जळाली. विधी तेवढे उरले, त्यांचा अर्थ कोणासच ठाऊक नाही, तरीही आजी ते नेमाने करीत राहते. अर्थ न जाणता पाली गाथा म्हणणाऱ्यांनी या आजीस हसण्याची घाई करू नये.

आता मुख्य मुद्दा. एका देहातून निघून दुसऱ्या देहात शिरणारी 'मित्सुहा' म्हणजे नेमके काय? चित्रपट हे गृहीत धरतो, की देहाहून वेगळे, अखंड आणि स्वतःस ओळखणारे असे काही आहे व ते घर बदलावे तसा देह बदलू शकते. भगवान बुद्धांनी हीच कल्पना नाकारली. मज्झिम निकायातील महातण्हासंखय सुत्तात साती नावाचा भिक्खू येतो. हा केवट्टपुत्त, म्हणजे कोळ्याचा मुलगा. तेच विञ्ञाण न बदलता एका जन्मातून दुसऱ्या जन्मात संचार करते, असे त्याचे मत होते. तथागतांनी त्यास बोलावून समजाविले, की विञ्ञाण हे कारणांवाचून उत्पन्न होत नाही. डोळा आणि रूप यांच्या आश्रयाने उत्पन्न होते ते चक्षुविञ्ञाण; लाकडाच्या आधारे पेटतो तो लाकडाचा अग्नी. इंधनाखेरीज वेगळा अग्नी कोठे साठवून ठेवलेला नसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात पुनर्जन्माचा विचार करताना संचार करणारा आत्मा स्पष्टपणे नाकारला आहे. तेव्हा तत्त्वज्ञान म्हणून पाहता हा चित्रपट सातीच्या पक्षाचा आहे, हे आपल्या मुलांस सांगितलेच पाहिजे.

तथापि एवढे सांगून चित्रपट बाजूला सारणे अन्यायाचे होईल, असे आमचे मत आहे. कारण दिग्दर्शकास आत्म्याचे अस्तित्व सिद्ध करावयाचे नाही. त्याला दुसऱ्याचे जगणे आतून दाखवावयाचे आहे. ताकीला गावातील मुलगी होऊन शाळेतील कुजबुज ऐकावी लागते. मित्सुहाला शहरातील मुलगा होऊन उपाहारगृहात धावपळीची नोकरी करावी लागते. दुसऱ्याचा दिवस जगल्यावर दुसऱ्याविषयीची बेफिकिरी टिकत नाही. धम्मपदाच्या दण्डवग्गात स्वतःच्या उपमेने इतरांस जाणण्याचा जो उपदेश आहे, त्यासाठी देह बदलण्याची आवश्यकता नसते. परंतु सोळा वर्षांच्या मुलास तो उपदेश कळावा याकरिता ही कथा उत्तम वाट ठरते.

राहिला नामाचा प्रश्न. डोंगरमाथ्यावर, दिवस आणि रात्र यांच्या संधिकाळी, दोघांची क्षणभर भेट होते. विसर पडू नये म्हणून एकमेकांच्या तळहातावर नावे लिहावयाचे ठरते. ताकी मात्र तिच्या तळहातावर नावाऐवजी आपले प्रेम लिहितो. पुढे तिला त्याचे नाव आठवत नाही. हातावरचे प्रेम तेवढे वाचता येते. मिलिन्दपञ्हाच्या प्रारंभी राजा मिलिंद भदंत नागसेनांस हाच प्रश्न विचारतो, की आपणांस कोणत्या नावाने ओळखतात? नागसेन उत्तर देतात, की आईवडील नागसेन, सूरसेन, वीरसेन अशी नावे ठेवतात. ती व्यवहारापुरती असतात, त्या नावामागे स्वतंत्र पुद्गल सापडत नाही. मग सुप्रसिद्ध रथाचा दृष्टान्त येतो. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्त आणखी पुढे जाते. नाम आणि गोत्र ही जगाने ठेवलेली संज्ञा आहे. पशू, पक्षी, वनस्पती यांच्यात जन्माने जातिभेद दिसतो, माणसामाणसांत दिसत नाही.

ही शिकवण जपानमध्येही सर्वत्र पाळली गेली असे नाही, हे नमूद केले पाहिजे. तेथे बुराकू समाजास शतकानुशतके अस्पृश्याप्रमाणे वागविण्यात आले. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे त्यांनी सुइहेइशा ही संघटना स्थापिली. मृत व्यक्तीस बौद्ध नाव देण्याची तेथे प्रथा आहे, आणि कित्येक बुराकू मृतांना मंदिरांतूनच हीनतादर्शक, पशुवाचक अक्षरे घातलेली नावे दिली गेली. ती थडग्यांवर कोरली गेली. १९७९ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे भरलेल्या धर्म व शांतता परिषदेत सोतो झेन पंथाच्या एका प्रमुखाने, जपानमध्ये असा भेदभावच नाही, असे विधान केले. त्यावर तीव्र निषेध झाला, विधान मागे घ्यावे लागले, आणि पंथाने मृत्युनोंदी व थडगी तपासून ती नावे बदलण्याचे काम हाती घेतले.

आपल्या जिल्ह्यात नावाचे ओझे याहून हलके नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीचे नाव हाच गुन्हा ठरविला. त्या कायद्याखालील सेटलमेंट सोलापुरात होती आणि तेथील माणसांस हजेरी द्यावी लागे. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला. नावाकडे पाहण्याची दृष्टी मात्र कायद्याबरोबर गेली नाही. आजही भाड्याची खोली पाहावयास गेलेल्या तरुणास प्रथम विचारतात ते पूर्ण नाव. नुसते 'राहुल' किंवा 'मिलिंद' सांगितले तर आडनाव विचारतात, आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतात. धर्मांतरानंतर आपण मुलांची नावे मोठ्या प्रेमाने बदलली. पण घरमालकाने त्या नावांचाही अर्थ लावण्यास वेळ घेतला नाही.

योगायोग असा, की 'किमि नो ना वा' ज्या वर्षी आला त्याच वर्षी, २९ एप्रिल २०१६ रोजी, नागराज मंजुळे यांचा 'सैराट' प्रदर्शित झाला. मंजुळे जेऊरचे, चित्रीकरण करमाळा तालुक्यातले, नायिकेची भूमिका करणारी रिंकू राजगुरू अकलूजची. चित्रपट सर्वार्थाने आपल्या जिल्ह्याचा. येथेही किशोरवयीन मुलगा आणि मुलगी आहेत. आर्ची पाटलांची, परश्या पारधी समाजातील, मासेमारी करणाऱ्या घरातला. जपानी दिग्दर्शकास दोन मुलांना विलग करण्यासाठी आकाशातून धूमकेतू आणावा लागला, काळात तीन वर्षांची फट पाडावी लागली. मंजुळे यांना असे काहीच करावे लागले नाही. अंतर तयारच होते, आणि आकाशातून पडलेले नसल्यामुळे त्यास निसर्गाची आपत्ती म्हणता येत नाही. आंतरजातीय विवाहाने रक्ताचे नाते निर्माण होते आणि जात मोडण्याचा खरा उपाय तोच, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले. 'सैराट'मधील दोघे तोच उपाय करतात, हैदराबादला संसार थाटतात, आणि मुलीच्या भावाच्या हातून मारले जातात. मागे जाऊन त्यांना वाचविण्याची सोय या कथेत नाही.

दोन्ही चित्रपट एकत्र पाहून मुलांशी बोलावे, असे आम्ही युवक शिबिरांच्या आयोजकांस सुचवू इच्छितो. तळहाताच्या प्रसंगापाशी थांबून नागसेनांचे उत्तर वाचावे, साती भिक्खूचा प्रसंग सांगावा आणि मग 'सैराट' लावावा. जपानी चित्रपटाच्या अखेरीस तोक्योतील एका जिन्यावर, अनेक वर्षांनी, दोन अनोळखी तरुण एकमेकांस ओलांडून जातात, थबकतात आणि दोघेही एकदमच नाव विचारतात. चित्रपट तेथे संपतो; उत्तर ऐकू येत नाही. आर्ची आणि परश्या यांना मात्र एकमेकांचे नाव कधी विचारावेच लागले नव्हते. ते साऱ्या गावाला ठाऊक होते.