आकडा ५.२, पण किती वाजताचा?

मेहरूण तलावाच्या पाण्याच्या एखाद्या जुन्या वहीत, समजा, ‘५.२’ एवढाच आकडा सापडला. तो विरघळलेल्या ऑक्सिजनचा, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, हे कळले तरी पुरेसे नाही. शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडते. रात्री शेवाळासह सगळे जलजीव तो वापरतात. म्हणून हिरवट, शेवाळलेल्या पाण्यात एकाच जागी हा आकडा पहाटे खाली जातो आणि दुपारी चढतो. पहाटे ५.२ मिळाला तर ठीक. भर दुपारी तेवढाच मिळाला तर काळजी करावी. शिवाय नमुना काठावरचा की मधला? गणेश विसर्जनाच्या आधीचा की नंतरचा?

नमुना घेणाऱ्याला हे सगळे त्या दिवशी ठाऊक असते. लिहायचे तेवढे राहते. पुढे पदवी मिळते, नोकरी लागते, लॅपटॉप बदलतो आणि पेनड्राइव्हमध्ये ‘फायनल’, ‘फायनल नवी’, ‘फायनल खरी’ अशा तीन फाइली उरतात.

प्रबंध मात्र टिकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंधांच्या इलेक्ट्रॉनिक प्रती ‘शोधगंगा’वर जमा होऊ लागल्या. पण प्रबंधात अनेकदा मासिक सरासरीच छापलेली असते, आणि सरासरीतून मूळ मोजमापे परत काढता येत नाहीत.

हे दुखणे जगभरचे आहे. टिमोथी वाइन्स आणि सहकाऱ्यांनी १९९१ ते २०११ मधल्या, प्राणी-वनस्पतींच्या मोजमापांवरच्या ५१६ शोधनिबंधांच्या लेखकांकडे मूळ आकडे मागितले. निबंध जितका जुना, तितके ते सापडणे अवघड. आकडे शिल्लक असण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर वर्षाला १७ टक्क्यांनी घटत होते. कित्येकांचे ईमेल पत्तेच बंद पडले होते.

जळगावात १९९० पासून विद्यापीठ आहे. तलावाचे पाणी तीन दशकांत सुधारले की बिघडले, हे सांगायला तेवढा काळ पुरतो, मात्र जुनी मोजमापे वेळ-जागेसकट हाती हवीत. आजचे पाणी उद्या मोजता येणार नाही.

उपाय फारसे खर्चाचे नाहीत. प्रत्येक आकड्याशेजारी तारीख, वेळ, जागा, खोली, उपकरण आणि एकक. मोजलेच नाही तिथे शून्य लिहायचे नाही; शून्य हेही एक मोजमापच असते. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. वही विद्यार्थ्याच्या घरी नव्हे, विभागात. आणि कोणत्या रकान्यात काय आहे ते सांगणारी एक साधी फाइल, काम चालू असतानाच लिहिलेली. पदवी हातात आल्यावर ती कोणी लिहीत नाही.